चालू आहे

आई गेल्यानंतर मी बाबांना स्वतःहून फोन करणं हळूहळू बंद केलं. ते नेहरू नगरच्या घरात एकटे, आम्ही त्याच शहरात, कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये. प्रत्येक फोन माझ्या ‘इकडे राहायला कधी येताय?’वर यायचा आणि त्यांच्या ‘ठेव आता’वर संपायचा. भांडण नको होतं, पण ते बरे आहेत एवढं तर कळायला हवं. त्याची सोय मी घरच्या सर्व्हरवर केली.

हा सर्व्हर म्हणजे आमच्या कपाटातली एक स्टोरेजची पेटी, इंटरनेटला जोडलेली. तिच्या डिस्कवर नाटकं, जुन्या मालिका, घरचे फोटो असं सगळं आहे. प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालतं. एक बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. बाबांना समजावताना मी म्हणालो, स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं. तेव्हापासून त्या सगळ्याचंच नाव डबा पडलं. त्यांच्या टीव्हीवर मी ॲप टाकून दिलं आणि ते सकाळपासून मालिका पाहू लागले. ऐकू कमी येत असल्यामुळे आवाज गल्लीभर.

कोण काय पाहतंय हे मला सर्व्हरच्या पानावर दिसतं. बाबांच्या टीव्हीसमोर हिरवा ठिपका आणि ‘चालू आहे’. ऑफिसात ते पान मी उघडंच ठेवायचो. चहाला ते मालिका थांबवत, जेवायला थांबवत. शंका आली तर मी इथूनच पॉज दाबायचो. लगेच फोन यायचा.

“तुझा डबा पुन्हा अडकून राहिला.”

“बघतो, बाबा.”

“बघू नको, चालू कर. इकडे पोरीचं लग्न मोडून राहिलं.”

मी प्ले दाबायचो. आवाज ऐकला, माणूस ठीक आहे. त्यांना वाटायचं, यंत्रच खराब आहे. मला स्वतःची ही युक्ती फार हुशारीची वाटायची.

काही भाग सलग झाले की ॲप थांबून विचारायचं, अजून पाहताय का? बाबा वैतागले. “काय विचारते हे? मेलो का मी?” पुढच्या खेपेला गेलो तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन मी तो प्रश्नच बंद केला. त्यानंतर एक भाग संपला की दुसरा आपोआप लागायचा, समोर कोणी असो वा नसो.

जानेवारीतल्या त्या दिवशी ठिपका सकाळीच हिरवा झाला. चहाच्या वेळी मालिका थांबली नाही. मला वाटलं, रंगले असतील. जेवणाच्या वेळीही थांबली नाही. मीटिंगमधून परत येऊन पाहिलं, तर भागामागून भाग चाललेलेच. मोबाईल हातात घेतला आणि त्यांचा नंबर लावण्याऐवजी पॉज दाबला.

फोन आला नाही.

थोडा वेळ वाट पाहिली. बाथरूममध्ये असतील. बाहेर येऊन बंद पडलेला टीव्ही पाहतील, चिडतील, मग बोलता बोलता पुन्हा फ्लॅटचा विषय निघेल. नकोच ते. मी प्ले दाबला. ठिपका हिरवा झाला आणि मी कामाला लागलो.

काम झालं नाही. शेवटी फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. तसाच निघालो. हबीबगंजजवळ जाममध्ये अडकलो तेव्हा पुन्हा ते पान उघडलं. चालू आहे.

गल्लीच्या तोंडाशीच मालिकेतलं रडणं ऐकू आलं. शेजारच्या भाभीजी अंगणात पालक निवडत होत्या. हसून म्हणाल्या, “भाई साहब का टीवी सुबह से चल रहा है। मज़े में हैं!”

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. पलंग आणि बाथरूमच्या मध्ये, थंड फरशीवर बाबा पडले होते. डोळे उघडे होते. ओठ हलत होते, पण टीव्हीच्या आवाजात मला काही ऐकू येईना.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर बोलता येऊ लागलं तेव्हा त्यांनी मला आणि माझ्या बायकोला सांगितलं, “लय ओरडलो. पण टीव्हीपुढे कोणाला ऐकू जाते? मग मधातच डबा बंद पडला. म्हटलं, देव पावला. भाभीजींना हाक मारली. त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, ‘हाँ भाई साहब?’ अन् तेवढ्यात पुन्हा सुरू. त्यांना वाटलं, मालिकेतलाच कोणी ओरडून राहिला.”

“नेमकं तेव्हाच सुरू व्हायचं होतं मेल्याला!” बायको म्हणाली. “फेकून द्या हो ती पेटी.”

मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी, खोलीत आम्ही दोघंच असताना, त्यांना सांगितलं. पॉज मी दाबला होता, प्लेही मीच. आणि आधी डबा अडकायचा, तेही मीच करत होतो.

“फोन नव्हता का तुझ्याजवळ?” त्यांनी एवढंच विचारलं.

होता. हातातच होता.

आता ते आमच्याकडे राहतात, वॉकर धरून चालतात. राहायला येण्यावरून आमचा वाद झाला नाही. त्यांना विचारण्याची वेळच आली नाही. मालिका पाहतात, पण खोलीत कोणी असेल तरच. मी बाहेर जायला चपला घातल्या की आतून आवाज येतो, “आधी टीव्ही बंद कर.”

मी बंद करतो, रिमोट त्यांच्या हाताशी ठेवतो. ते त्याला हात लावत नाहीत.