धुक्यात किती वॅट? नागपूर ते पांढुर्णा, आणि परत

पांढुर्णा नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. रस्ता चौपदरी, मध्ये सावनेर, मग राज्याची सीमा आणि संत्र्यांच्या बागा. एवढ्याशा प्रवासाचे वर्णन लिहावे, असे एरवी माझ्या मनात आले नसते. परंतु या हिवाळ्यात मी हा रस्ता एकदा चुकीच्या दिव्यांनी आणि एकदा योग्य दिव्यांनी पार केला. जे वाचक थंडीत पहाटे या बाजूला निघणार असतील, त्यांना त्यातील फरक उपयोगी पडावा, म्हणून हे टिपण.

जाण्याचे कारण असे. माझ्या सासूबाई पांढुर्ण्यात एकट्या राहतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नागपूरच्या रामदासपेठेतील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे माझ्या पत्नीने, सुनंदाने, ठरवले होते. पावसाळ्यात सुनंदा गेली. दिवाळीनंतर रुग्णालयातून फोन आला की उजव्या डोळ्याची तारीख लागली आहे. आदल्या रात्री रुग्ण नागपुरात असावा, किंवा त्या दिवशी सकाळीच यावा. दोन दिवस आधी जाऊन त्याच दिवशी सासूबाईंना घेऊन परतावे, असे मी ठरवले.

अडचण धुक्याची होती. सावनेरच्या पुढे नाल्यांच्या आणि बागांच्या पट्ट्यात थंडीत सकाळी धुके उतरते. आजवर अशा वेळी सुनंदा शेजारी बसून मला रस्ता सांगत असे. "पट्टी डावीकडेच आहे, चला... पुढे लाल दिवा दिसतोय, हळू." तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती आणि मी तिच्यावर निःशंक विसंबत असे. आता दोघांच्या डोळ्यांचे काम एकाने करायचे, तेव्हा प्रकाश दुप्पट हवा, असा हिशेब मी मांडला. मी आयुष्यभर महाविद्यालयात वाणिज्य शिकवले. हिशेब मला बिनचूक वाटला.

गाडीच्या पुस्तिकेत फॉग लाइटसाठी पंचावन्न वॅटचा बल्ब सांगितला आहे. हिंगणा रस्त्यावरील दुकानदारापुढे मी शंभर वॅटची मागणी केली. तो खूश झाला.

"एक नंबर चॉइस, सर! समोरचा आंधळाच झाला पाहिजे."

"समोरच्याला आंधळे करण्याचा माझा हेतू नाही. मला रस्ता पाहायचा आहे."

"एकच गोष्ट झाली ना, सर. त्याले दिसलं नाही तं तो थांबते, तुम्ही चालले!"

त्याने फ्यूजही मोठ्या क्षमतेचा बसवून दिला, कारण मूळ फ्यूज एवढा भार सोसणार नव्हता. त्याच क्षणी मला शंका यायला हवी होती. फ्यूज वाढवावा लागतो, याचा अर्थ वायरिंग त्या भारासाठी बनवलेले नाही. वाचकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

उजाडण्याच्या सुमारास निघालो. कोराडीच्या पुढे हवा स्वच्छ होती. रस्ता लख्ख दिसत होता आणि मी माझ्या हिशेबावर समाधानी होतो. सावनेर मागे पडले आणि धुके सुरू झाले. दिवे लावताच समोर पांढरी भिंत उभी राहिली. प्रकाश रस्त्यापर्यंत पोहोचण्याऐवजी धुक्याच्या कणांवर आदळून माझ्याच डोळ्यांत परत येत होता. डावीकडची पट्टी, जी साध्या दिव्यातही अंधूक दिसते, तीही नाहीशी झाली. थोड्या वेळाने प्लॅस्टिक तापल्याचा वास येऊ लागला. रस्त्याकडेला चहाची टपरी दिसली तेथे मी गाडी वळवली.

टपरीपुढे एक ट्रकचालक चहाचा ग्लास घेऊन उभा होता. माझे दिवे थेट त्याच्या तोंडावर पडले.

"अरे बंद करा काकाजी! वरात घेऊन आले का? मले वाटलं नवरदेवच आला!"

टपरीवरच्या बाईंनी पातेल्यातून मान वर न काढता विचारले, "कुठं चालले, काका?"

"पांढुर्ण्याला. सासुरवाडीला."

"मंग बरोबरच ओळखलं ना मी!" ट्रकचालक म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. त्यापुढचे सांगणे आवश्यक वाटले नाही.

येथे तर्री-पोहे उत्तम मिळतात. तिखट न सोसणाऱ्यांनी तर्री वेगळी मागावी. धुके विरळ होईपर्यंत मी तेथेच बसलो. पांढुर्ण्यास पोहोचलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. लग्नाला पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या माझ्यासमोर पदर पडू देत नाहीत आणि मला 'जवाईबापू' म्हणतात. ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, ताटात वरून कच्चे तेल. दिसत नसताना हे सगळे त्यांनी कसे केले असेल, हे मी विचारले नाही. जेवण झाल्यावर मी पिशवी भरण्याविषयी बोललो.

"मी नाही येत, जवाईबापू."

"आई, तारीख मिळाली आहे."

"मिळू द्या. लेकीच्या घरी आली असती. आता लेक नाही. जवायाच्या घरी कोणत्या नात्यानं राहू? लोक काय म्हणतीन?"

त्यांच्या पिढीत मुलीच्या घरचे पाणीसुद्धा टाळत. सुनंदाने ते बंधन हट्टाने मोडून काढले होते. ती गेल्यावर ते पुन्हा जागच्या जागी आले होते. मी वाद घातला नाही. तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल हे ठाऊक नव्हते, आणि दोन महिन्यांत त्या चुलीपाशी दोनदा भाजल्या होत्या, हे शेजारणीकडून मला कळले होते. त्यांना घेतल्याविना परतायचे नाही, एवढेच मी ठरवले आणि तेथेच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माजघरात तांदूळ निवडत होत्या. त्यांना नीट दिसावे म्हणून मी मोठा दिवा लावला. त्यांनी लगेच डोळ्यांवर हात धरला.

"बंद करा तो. काहून लावला? उजेड जास्त केला की मले काहीच नाही दिसत. सगळं पांढरंफेक होते."

"मग कसे दिसते?"

"खालून थोडा आला पाहिजे. खिडकीतून, आडवा. तेवढ्यात तांदूळ वेगळा, खडा वेगळा."

मी दिवा मालवला आणि तडक बाजारात गेलो. गावातल्या मेकॅनिककडून दोन्ही बल्ब काढवले. होल्डरचे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. पुस्तिकेत सांगितलेले पंचावन्न वॅटचे पिवळसर बल्ब बसवले, फ्यूजही मूळ क्षमतेचा परत घातला आणि दिव्यांची दिशा थोडी खाली करून घेतली. फॉग लाइट बंपरमध्ये खाली का बसवतात, हे मला त्या दिवशी समजले: त्याचा प्रकाश रुंद, आडवा आणि जमिनीलगत पडायला हवा. जोडीला डीपर, म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत, चालतो. अप्पर, म्हणजे वरचा झोत, कधीही लावू नये. पिवळा की पांढरा हा प्रश्न दुय्यम आहे, परंतु पिवळा माझ्या डोळ्यांना सौम्य वाटला. एलईडी घेणार असाल तर त्याच्या वॅटचा आकडा हॅलोजनशी ताडून पाहू नका. कमी वॅटचा एलईडीही भगभगीत असू शकतो. बल्बची जोडी आणि मजुरी मिळून दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढा खर्च आला.

संध्याकाळी मी सासूबाईंना हे सर्व सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

"म्हणजे गाडीलेही मोतीबिंदू झाला होता," त्या म्हणाल्या.

"होय. आई, उद्या मला पहाटेच निघावे लागेल. मला एक सांगायचे आहे." मी थांबलो. अशी वाक्ये बोलण्याची मला सवय नाही. "दिवे आता योग्य आहेत. परंतु धुक्यात एकट्याने गाडी चालवणे मला जमत नाही. येताना मी घाबरलो होतो. शेजारी कोणी बोलणारे लागते."

"मले तं दिसत नाही."

"बोलता तर येते."

त्या हसल्या. मी उठून अंगणात गेलो. परतलो तेव्हा त्या पेटीतून लुगडी काढत होत्या.

"मी राहाले नाही येऊन राहिली, सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "तुम्हाले पोहोचवाले येऊन राहिली. जवाई एकटा धुक्यात कसा पाठवू?"

"अर्थातच," मी म्हणालो.

पहाटे धुके होतेच. शेजारणीने डब्यात भाकरी आणि पिशवीभर संत्री दिली. सासूबाई पुढच्या आसनावर बसल्या; सीटबेल्ट पदरावरून कसा घ्यायचा यावर थोडा खल झाला. दिवे लावले. समोर भिंत नव्हती. गाडीपुढे पिवळसर रस्त्याचा एक तुकडा होता आणि डावीकडे पट्टी होती. तुकडा लहान होता. वेग त्या मानानेच ठेवला.

"कसं दिसते?" त्यांनी विचारले.

"थोडेसेच दिसते. पुढे सगळे पांढरे."

"मले रोजच तसं दिसते. घाबरू नका. काच खाली करा."

थंडी आत आली. त्या कान देऊन बसल्या आणि अधूनमधून बोलत राहिल्या: सुनंदा लहानपणी विहिरीवर कशी भांडायची, कोणत्या बागेतली संत्री आंबट. एका वळणावर बोलता बोलता त्यांनी माझा हात धरला.

"थांब गा! थांब!"

मी ब्रेक दाबला. क्षणभराने धुक्यातून कापसाने भरलेली ट्रॉली दिसली, मागे एकही दिवा नाही, ट्रॅक्टर धडधडत आडवा रस्ता ओलांडत होता. ते धडधडणे त्यांनी माझ्या आधी ऐकले होते. ट्रॉली गेली. सासूबाईंनी हात काढून घेतला आणि पदर सावरला. 'गा' आपल्या तोंडून गेला हे त्यांच्या लक्षात आले असावे. पस्तीस वर्षांत त्यांनी मला एकेरी हाक मारली नव्हती.

"चाला आता," त्या म्हणाल्या. आणि सावनेर येईपर्यंत मला पुन्हा 'अहो-जाहो' करण्याचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण तो नीट जमला नाही.

रुग्णालयात वेळेवर पोहोचलो. शस्त्रक्रिया सुरळीत झाली. दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात. ते काम माझ्याकडे आहे. जवायाने डोळ्याला हात लावायचा, याचा संकोच त्यांना पहिल्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशी उरला नाही.

या प्रवासातून माझ्यापाशी काय राहिले, असे कोणी विचारले तर गाडीपुरते उत्तर सोपे आहे: पुस्तिकेत लिहिला तेवढाच वॅट, खाली झुकवलेला प्रकाश, उघडी काच. सुनंदाच्या जागेचे काम प्रकाश वाढवून होत नाही, हेही कळले. घरात आता सकाळी दुसऱ्या माणसाचा आवाज असतो आणि मला त्या आवाजाची सवय होऊ लागली आहे. तीच काळजीची गोष्ट आहे. डाव्या डोळ्याला अजून काही आठवडे आहेत, आणि पोहोचवायला आलेले माणूस कधीतरी परत निघते.

काल सकाळी थेंब घालून झाल्यावर सासूबाईंनी खिडकीशी खुर्ची ओढली. बाहेर स्वच्छ ऊन पडले होते. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांचे काठसुद्धा स्पष्ट दिसत होते. त्या उजव्या डोळ्याने कितीतरी वेळ तिकडे पाहत होत्या.

"पांढुर्ण्याच्या रस्त्यावर धुकं आहे काय अजून?" त्यांनी विचारले.

"आहे," मी म्हणालो. "दाट आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा उन्हाकडे.

"मंग राहा लागते," त्या म्हणाल्या.