मायच्या फोटोची नोंद

"तू यवतमाळकडची ना? उभी राहा," सर म्हणाले. "ही बाई काय म्हणत असेल, ते तुमच्या भाषेत म्हणून दाखव."

पडद्यावर फोटो होता. मुंबईतल्या कापूस मोर्चाचा. बंद फाटकासमोर एक बाई, कमरेचं फडकं दोन्ही हातांनी पुढे धरलेली. खाली वर्तमानपत्राने छापलेली ओळ: सरकारकडे मदतीची याचना करणारी विदर्भातील महिला.

मी उभी राहिले. "मायबाप सरकार, आमच्याकडं पाहा नं जी," असं काहीतरी म्हणाले. चांगला हेल काढून म्हणाले, त्यांना हवा तसा. वर्ग हसला. पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "किती गोड बोलतात हे लोक," म्हणाल्या.

पडद्यावरची बाई माझी माय होती.

मी ते सांगितलं नाही. मोर्चाच्या दिवशी ती इथेच, मुंबईत होती, तेव्हा तिला भेटायलाही गेले नव्हते. परीक्षा आहे म्हणून निरोप दिला. परीक्षा नव्हती. वसतिगृहातल्या मुलींनी तिला पाहू नये, एवढंच होतं.

आंदोलनांच्या बातम्या वर्तमानपत्रं कशी छापतात, यावर आमच्या विभागाचा अभ्यास चालू होता. प्रत्येक फोटोसमोर तक्त्यात खूण करायची. आक्रमक, शांत, याचक. तीन रकाने. आधी पेन्सिलीने, नंतर शाईने आणि सहीनिशी. हा फोटो माझ्याच वाट्याला आला. मी तिसऱ्या रकान्यात खूण केली. स्वतःच्या मायला याचक केलं आणि जेवायला गेले.

दिवाळीत गावी गेले, मुकुटबनच्या बाजूला. माय दुसऱ्याच्या शेतात वेचणीला गेली होती. मी बांधावर जाऊन बसले. वेचलेला कापूस बाया कमरेला बांधलेल्या फडक्यात टाकतात, त्याला आम्ही ओटी म्हणतो. माय ओळ संपवून कापसाच्या गंजीपाशी आली. ओटीचं डावं टोक सैल केलं, दोन्ही हातांनी फडकं पुढे धरलं आणि झटका देऊन कापूस खाली टाकला.

तोच फोटो. तेच हात. फोटोतही डावं टोक सैलच होतं. लहानपणी तिच्या शेजारी उभं राहून मीही हजारदा असंच केलं होतं.

पिशवीतून फोटोची प्रत काढून तिला दिली. खालची ओळ वाचून दाखवली.

"भीक मांगाले कायले जाऊ मी इतक्या दूर?" ती म्हणाली. "गेल्या साली भाव पडला तं मालकानं कापूस झाडालेच ठेवला. आमच्या हातचं काम गेलं. म्हणून आम्ही ओटीत कापूस घेऊन गेलतो. सरकारच्या दारात टाकला. म्हटलं, आता तुमी येचा."

मग तिने फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. "इथं ढीग होता. तो कुठी गेला?"

ढीग छापणाऱ्यांनी कापला होता.

तिने प्रत परत दिली. "त्यायले नाही समजलं तं ठीक हाय. तुनं तं येचला हाय कापूस. तुले कसं नाही दिसलं?"

मी प्रत घडी करून पिशवीत ठेवली. वर्गातली नक्कल तर मी तिला आजवर सांगितलेली नाही.

सुट्टी संपल्यावर सरांकडे गेले. फोटो चुकीच्या रकान्यात आहे म्हटलं. ओटी समजावून सांगितली, डावं टोक दाखवलं, कापलेली कड दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. चांगले वागायचे ते, आवाज कधी चढवायचे नाहीत.

"भावनिक होऊ नकोस. संशोधनात अंतर ठेवावं लागतं."

"सर, ती माझी माय आहे."

ते म्हणाले, "मग तर तुझं मत धरताच येणार नाही."

म्हणजे नक्कल करायला मी त्या मोर्चातल्या बायांमधली. साक्ष द्यायलाही त्यांच्यातलीच, म्हणून बाद. डोकं सणकलं माझं.

त्यांनी तक्ता पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "सही कर. नोंद तशीच राहू दे."

मी खोडरबर काढलं. तिसऱ्या रकान्यातली माझी खूण पुसली. बाजूला पट्टीने चौथा रकाना आखला, वर 'नकार' लिहिलं आणि त्यात शाईने खूण केली. त्याखाली सही केली.

सरांनी तक्ता काढून घेतला. आठवड्याभरात प्रकल्पातून माझं नाव गेलं. अहवाल छापून आला तेव्हा माय तिसऱ्या रकान्यातच होती. विभागाच्या कपाटात ती अजून तिथेच आहे.

मी तोच अभ्यास नव्याने लिहायला घेतला आहे. मार्गदर्शक मिळालेला नाही. मोर्चात गेलेल्या एकेका बाईच्या घरी जाऊन विचारते, हातात काय होतं, तोंडाने काय म्हणालात. कोणी छापो न छापो, हे काम मी सोडणार नाही. पुन्हा कुठल्या वर्गात कोणी 'उभी राहा' म्हटलं, तर उभी राहीन. त्या बाईने फाटकापुढे जे म्हटलं तेवढंच म्हणेन, हेल न काढता: आता तुमी येचा.