हळू पडणारी कुदळ

"लाओसला बघण्यासारखं काय आहे हो, भावोजी?" सुट्टीचा बेत ठरवताना वहिनींनी विचारलं. डोंगर छान आहेत, एवढंच मी म्हणालो.

मला आठवत होती तिथली माझी घरमालकीण. सकाळी ती परसात कांद्याचा वाफा खणायची, पण तिची कुदळ कधी गुडघ्याच्या वर जात नसे. झोपलेल्या माणसावर हात ठेवावा तशी ती मातीला टेकायची. जुन्या लढाईतले न फुटलेले बॉम्ब अजून त्या जमिनीत आहेत. "पायवाट सोडू नका," असं ती मला रोज मोडक्या इंग्रजीत बजावायची. डोंगर होते, पण मी आठवडाभर पायाखालीच बघत राहिलो.

वहिनींनी थायलंड ठरवलं. अंगणात दादा आंब्याच्या रोपासाठी खड्डा खणत होता. त्याची कुदळ डोक्यावर गेली की मी डोळे मिटून घेत होतो.