रामनाथच्या होरीचा हूड

“न्हाय वयनी, तीस हजार मी सांगनार न्हाय. जो भाव हाय त्योच सांगीन.”

“एक डाव सांग गो बाय. तुझ्या तोंडाला काय भोक परतं?”

“तोंडाला न्हाय, धंद्याला परतं. आज तुमच्यासाठी तीस बोलले, तं उद्या सगला केबिन रोड बोलंल, सुगंधा मानूस बघून भाव करते.”

सावित्रीने पदराने कपाळ पुसलं आणि ती मशीनजवळच्या फोमच्या गठ्ठ्यावर बसली. बाजारात जाते असं घरी सांगून ती चौक गावाहून एकटीच भाईंदरला, केबिन रोडवरच्या सुगंधाच्या शिवणाच्या दुकानात आली होती. तिचा नवरा रामनाथ परवाच या दुकानात येऊन गेला होता. त्याला होडीवर कॅनव्हासचा हूड हवा होता. वाऱ्याच्या तोंडावर होडी घातली की लाट फुटून पाणी अंगावर येतं. ते सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येऊ नये एवढंच त्या हुडाचं काम. सुगंधाने त्याला कापडं दाखवली होती. रेक्झिन त्याने चिमटीत धरून सोडून दिलं, उन्हात तडकतं म्हणाला. समोर बघायला प्लास्टिकची खिडकी शिवू का विचारलं, तर म्हणाला, मीठ बसलं का ती आंधली. जाड सुती कॅनव्हास मात्र त्याने गालाला लावून बघितला होता.

“त्याला काचबिंदू हाय,” सावित्री म्हणाली. “समोरचं दिसतं, बाजूचं दिसत न्हाय. गेलं तवरं परत येनार न्हाय, डॉक्टरनी सांगितलंय. आन ह्यो म्हनतो, डोल्यात खारं पानी जाऊन धूसर झालंय, हूड लावला का बरा होनार. तीस हजार आयकून तरी गप बसंल, असं मना वाटलं.”

“तुमी बोला ना त्यांना.”

“चालीस वरसा बोलते. मासली तरी आयकली असती. एकटा जातो गो. एक दिवस कुठं आपटंल, आन मी बंदरावर वाट बघत ऱ्हाईन.”

 सुगंधाने रिक्षाचा फाटका हूड मशीनवरून बाजूला केला.

ती मूळची रायगडातली, खाडीकाठच्या गावची. बाप शिडं शिवायचा. पोरीच्या तळहाताला चामड्याची पट्टी बांधून त्याने तिला जाड कापडात सुई घालायला शिकवली. शाळेने जे शिकवलं ते ती विसरली, हे राहिलं. लग्न होऊन भाईंदरला आली तेव्हा इथं शिडाला कोण विचारतो? नवऱ्याने, महिपतने, रिक्षाचे हूड आणि सीटा शिवायचं दुकान घातलं. चार-पाच वर्षांत त्याची पाठ धरली. आता तो एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो आणि धंदा आपण उभा केला म्हणून सांगतो. सुगंधा त्याला सांगू देते. रिक्षावाल्यांशी हिंदी, कापडवाल्या शेठशी मोडकं गुजराती आणि राग आला की गावची बोली, असं तिचं दुकान चालतं. हसते कमी. डिझेल महागल्यावर काहींनी होड्यांवर पुन्हा शिडं चढवली, तेव्हा तिचा बाप गेल्यावर इतक्या वर्षांनी तिच्या हाताला ते कापड लागलं.

तिची एक पद्धत बापाचीच. कापड फाडण्याआधी होडीवर वेताच्या कांबी आणि जुनी चादर बांधून कच्चा हूड उभा करायचा. मालकाने त्याच्याआड बसून एक फेरी मारायची. मग उंची ठरते, मग कापड ठरतं, मग भाव.

“उद्या भरतीला येते,” ती सावित्रीला म्हणाली. “खोटं बोलनार न्हाय. पन होरीत तुमी पन बसा.”

सुगंधाने फोन करून कळवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी चौकच्या बंदरावर रामनाथ तयारच होता. बायको होडीत चढताना बघून म्हणाला, “ही कनाला? मासली पलून जाईल.”

“तुझ्या जाल्यात कवा आलेली?” सावित्री म्हणाली.

सुगंधाने कांबी वाकवून दोन्ही बाजूंना रोवल्या, चादर ताणून बांधली आणि वरची कड रामनाथच्या हनुवटीबरोबर आणली, म्हणजे त्याला वरून बघता यावं. शीड चढलं. खाडीच्या तोंडाशी वारा समोरून आला आणि पाणी फुटून चादरीवर बसलं. रामनाथने गालावर हात फिरवला.

“कोरडा! बघ, कोरडा! सांगत होतो ना मी?”

त्याच वेळी डावीकडून जाळ्याचा खुंट आला. सावित्री ओरडली. सुगंधाने खुंटाला वल्हं टेकून होडी दूर लोटली, तरी फळी घासलीच.

“तुझी चादर आड आली,” रामनाथ सुगंधावर डाफरला.

ती उठली. गाठी सोडल्या, चादर पिळून गुंडाळली, कांबी उपटून पायाखाली ठेवल्या.

“आता काय आड न्हाय, दादूस. वलून परत तीच वाट घ्या. बेतानं घ्या.”

त्याने होडी वळवून पुन्हा आणली. या वेळी मान डावीकडे करून त्या खुंटावर नजर रोवली आणि तो असा सफाईने चुकवला की तरुणाने बघत राहावं. उजव्या अंगाला एक लहान होडी नांगरलेली होती. ती जवळ जवळ येत होती. सावित्रीने तोंड उघडलं. सुगंधाने तिचा गुडघा घट्ट धरला. दुसऱ्या हाताने तिने वल्हं मधे घातलं, पण हाक मारली नाही.

लाकडावर लाकूड घासलं तेव्हा रामनाथने मान फिरवली.

बराच वेळ तो त्या होडीकडे बघत राहिला. शीड वाऱ्यावर फडफडत होतं. बेताने आल्यामुळे या वेळी लाट फुटली नव्हती, त्याचं तोंड कोरडंच होतं.

“ही होरी कवा आली इथं?”

“आपून निंगालो तवापासून हाय,” सुगंधा म्हणाली.

त्याने सुकाणू सोडलं नाही. शीड उतरवायला मात्र सावित्रीला खुणेनं सांगितलं, आणि ते वल्ही मारत परत आले.  काठावर होडी ओढल्यावर रामनाथ फळीला एक हात लावून तिच्याभोवती एक फेरी फिरला. घासलेल्या जागी थांबला, बोटाने चाचपलं, पुढे गेला.

“होरी सगलीच झाकून ठेवायची म्हनलं तं कवरं होतील?”

सुगंधाने टेप काढला. लांबी घेतली, रुंदी घेतली, डोलकाठीची जागा बघितली.

“साडेअकरा हजार. कडेनं दोरी ओवून.”

“नीली ताडपत्री स्वस्त परंल की,” सावित्री हळूच म्हणाली. सवयीनं बोलून गेली.

“ताडपत्रीखाली लाकूड कुजतं,” रामनाथ म्हणाला. “त्याला वारा लागाला पायजे. कॅनव्हासच घाल.” मग सुगंधाकडे वळला. “आन हुडाचं कवरं सांगनार होतीस?”

सावित्रीने मान खाली घातली.

“साडेसा हजार,” सुगंधा म्हणाली.

“साडेसा.” त्याने तोंडातल्या तोंडात हिशोब केला. “परवारला असता.”

या होडीत आता कोण बसणार, ते सुगंधाने विचारलं नाही. माप टेपवरून मनात घेतलं, कांबी आणि ओली चादर काखेत मारली आणि रिक्षा बघायला वर रस्त्याला लागली. सावित्री चार पावलं मागे आली, काहीतरी बोलणार होती, मग परत फिरली. नवरा होडीच्या सावलीत एकटाच बसला होता.

दुकानात एक रिक्षावाला ताटकळत उभा होता. “क्या दीदी, सुबह से धूप खा रहा हूँ.”

“खाव. व्हिटॅमिन मिलता है,” सुगंधा म्हणाली. चादर दाराबाहेरच्या खिळ्याला वाळत टाकली, फाटका हूड मशीनवर ओढला आणि पायडल दाबलं.