बसमधली जागा

मुलुंडच्या आमच्या बागेतल्या व्यायामाच्या मशीनवर माझी एक शेजारीण रोज सकाळी दिसते. साडीचा पदर खोचलेला, पायात नवऱ्याचे जुने बूट. वजन ओढताना दंडाला बेटकुळी आली, की ती हळूच दाबून बघते. मग डब्यातले मोडाचे मूग आणि उकडलेलं अंडं खाते.

एकदा मी म्हटलं, "पोट केवढं उतरलं गं तुझं!"

ती कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली. "पूर्वी बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. त्यांना वाटायचं, हिला दिवस गेलेत. मीपण गुपचूप बसायचे."

"आणि आता?"

"कोणी हलत नाही! घाटकोपरपर्यंत उभी जाते, झकास. काल बसायला मिळालं, तर एक पोटवाली चढली. मीच उठले. खरी की माझ्यासारखी, ते नाही विचारलं."