विशेष यादी

बस वाहतुकीच्या मुख्य कचेरीत दुसऱ्या मजल्यावर वेळापत्रक विभाग होता आणि त्या विभागाच्या प्रमुख होत्या मिनिटबाई. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने अचूक ठेवलं. बाई 'थोड्या वेळाने' असं कधी म्हणत नसत, 'सात मिनिटांनी' म्हणत. कुणी 'आलोच' म्हणून निघालं, की 'म्हणजे किती?' हा प्रश्न त्याच्या पाठीवर येऊन बसायचाच. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना वचकून असत, आणि सगळ्यांचं त्यांच्यावाचून अडतही असे.

निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते, तेव्हा एका सकाळी त्यांच्या टेबलावर एक फाईल आली. विषय असा होता: 'विशेष उन्हाळी प्रशिक्षण बंद करण्याबाबत.' खाली 'संबंधित विभागाचा अभिप्राय' या शब्दांपुढे कोरी जागा, आणि त्याच्याही खाली नव्या वाहतूक अधिकारी मॅडमची सही. बाईंनी विषय वाचला, सही पाहिली आणि फाईल मिटली. आतली पानं उघडलीच नाहीत. कारण ते प्रशिक्षण म्हणजे बाईंची अठरा वर्षांची कमाई होती, आणि सही करणारी मुलगी त्याच प्रशिक्षणातून वर आली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब तरी कुणाच्या नावाने मारायची?

बाईंची आई डेपोत गाड्या धुवायची. बाई लहानपणी तिच्याबरोबर जायच्या, बादल्या उचलायच्या आणि फलकांवरची गावं वाचत वाचत अक्षरं शिकल्या. पुढे परीक्षा देऊन कचेरीत लागल्या, तेव्हा आईने पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं, की खुर्चीवर नीट टेकून बस, काठावर बसू नकोस. ते जमायला बाईंना चार वर्षं लागली.

कचेरीत दर उन्हाळ्यात काही मुलं 'कामाचा अनुभव' घ्यायला यायची. कुणी साहेबांचा भाचा, कुणी साहेबांच्या शेजाऱ्याची मुलगी. पंख्याखाली बसायची, चहा प्यायची, दोन महिन्यांनी दाखला घेऊन जायची. बाईंना त्या मुलांचा राग नव्हता. मुलं गुणी होती बिचारी. पण डेपोच्या मागच्या वस्तीत, जिथे बाई वाढल्या, तिथली मुलं याच गाड्यांच्या आवाजाने उठायची आणि याच गाड्यांच्या आवाजात झोपायची, आणि ही गाडी सहा वाजून चौदाला का सुटते हे ठरवणारं माणूस एका खोलीत बसलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. वयाच्या चाळिशीत एक दिवस मनाचा हिय्या करून बाई तेव्हाच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब भला माणूस. म्हणाले, यादी आणा.

बाईंनी सहा नावं आणली. त्यातल्या चौघांच्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. नेहमीच्या मुलांची यादी आधीच फाईलला लागलेली होती, म्हणून साहेबांनी नव्या कागदावर हिरव्या शाईने लिहिलं, 'विशेष यादी'. तो शब्द वाचून बाईंचा ऊर भरून आला. त्या मुलांना कुणी विशेष म्हणायची ती पहिलीच वेळ. बाईंनी मग हात आखडता घेतलाच नाही. विशेष खोली मिळवली, म्हणजे तिकिटांची जुनी कोठी, तिला खिडकीही होती एक. विशेष ओळखपत्रं छापून घेतली, पिवळ्या रंगाची, लांबून दिसतील अशी. मुलांना कुणी दारात अडवू नये म्हणून.

काय ते उन्हाळे होते. बाई आता आठवायला लागल्या की एकातून एक निघत जाई. पहिले दोन आठवडे मोजणीचे. मुलं गाडीत बसून प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले ते लिहायची. दुसऱ्या वर्षी एका पोराचा कागद आला, त्यात एकूणएक थांब्यावर एक माणूस उतरत होता आणि एक चढत होता. साहेबांनी डोकं खाजवलं. असा कोण उपटसुंभ आहे, जो प्रत्येक थांब्यावर उतरतो आणि पुन्हा चढतो? बाईंनी पोराला विचारलं, तर तो निरागसपणे म्हणाला, "कंडक्टर." खरंच होतं की! दारातली गर्दी आत सारायला कंडक्टर दर थांब्यावर खाली उतरत होता. पोराने डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. त्या दिवशी सबंध विभाग पोट धरून हसला, आणि बाईंनी तो कागद फाडू दिला नाही.

मग कार्यशाळा. मुली पहिल्यांदा गाडीखाली गेल्या, तेव्हा मुख्य मिस्त्री कुरकुरला होता, आणि तिसऱ्या वर्षी तोच 'माझ्या मुली कधी येणार' म्हणून विचारायला दोन जिने चढून आला होता. आणि शेवटचे तीन आठवडे आलेखाचे. भिंतीएवढा चौकड्यांचा कागद, आडवे तास, उभे थांबे, आणि प्रत्येक गाडी म्हणजे रंगीत पेन्सिलीची एक तिरकी रेघ. पुढे संगणक आले, पण बाई मुलांना आधी हातानेच रेघा मारायला लावत. म्हणत, संगणकाला चूक कळते, पण थांब्यावर उभं राहिलेलं माणूस कळत नाही. चौथ्या वर्षी एक मुलगी आली होती, तिचं नावच बाईंनी 'शंका' ठेवलं. सारखा तिचा हात वर. एकदा तिने विचारलं, "ताई, रस्त्यावर 'विशेष' पाटीच्या गाड्या दिसतात, त्यांची रेघ कुठाय?"

"ती गाडी वेळापत्रकात नसते," बाई म्हणाल्या होत्या. "गर्दी झाली की काढतात, संपली की ठेवून देतात. तिची वाट कुणी बघायची नसते."

शंकाने ते वहीत लिहून घेतलं. शिकली, कॉलेजात गेली, खुल्या परीक्षेतून कचेरीत लागली, आणि गेल्या वर्षी वाहतूक अधिकारी झाली. त्या दिवशी बाईंनी सगळ्या मजल्याला पेढे वाटल्यासारखा चेहरा करून चहा पाजला होता. आणि आज तिनेच ही फाईल धाडली होती.

घरी गेल्यावर बाईंनी जेवणाच्या ताटावरच तोंड सोडलं. यजमान शिंपी. चाळीस वर्षं मान खाली घालून मशीन चालवलेला माणूस, ऐकून घ्यायची सवय होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात, वर चढलं की शिडी ढकलून देणारी, असं बरंच काही ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती उसवतेय की फाडतेय?"

"म्हणजे?"

"कापड बेतात बसत नसेल तर मीही उसवतो. फाडायचं असेल तर कात्री लागते. तू फाईल पुरती वाचलीस का?"

बाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या. वाचली नव्हती हे त्यांनी कबूल केलं नाही, पण झोपही आली नाही. रागाच्या तळाशी भीती होती. आपण गेल्यावर ही मुलं कोण आणणार? आपण एवढं एकच तर काम केलं जन्मात, तेही आपल्याबरोबर पुसलं जाणार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दोन मिनिटांनी त्या ती फाईल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. शंका उठून उभी राहिली. बाई बसल्या नाहीत.

"मॅडम, अभिप्राय लिहायच्या आधी तुम्हाला विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. 'तुम्हाला' या शब्दावर त्यांनी असा काही जोर दिला, की शंकाचा चेहरा उतरला.

तिने दार लावून घेतलं आणि कपाटातून दोन जाड फायली काढून टेबलावर ठेवल्या. एक नेहमीच्या यादीची. तिच्यात दर वर्षीच्या नावांमागे एकेक छापील कागद लावलेला होता. शंकाने सांगितलं, की हा भरतीचा कागद आहे. जागा निघाल्या की भरती विभाग या फाईलमधल्या प्रत्येक मुलाच्या पत्त्यावर पत्र पाठवतो, अर्ज करा म्हणून. वर्षानुवर्षांची पद्धत आहे, नियमात कुठे लिहिलेलीही नाही. कारकून फाईल उघडतो आणि पत्रं टाकतो, एवढंच.

मग तिने दुसरी फाईल बाईंपुढे सरकवली. वर हिरव्या शाईचा तो पहिला कागद होता. बाईंनी पान उलटलं, दुसरं उलटलं, दहावं उलटलं. सहा नावं, मग बारा, मग बारा. अठरा वर्षांची दोनशे दहा नावं. छापील कागद एकही नव्हता.

"हिच्यातून कुणालाच पत्र गेलं नाही," शंका म्हणाली. "फाईल वेगळी होती ना. भरतीवाल्यांच्या कपाटात ती कधी गेलीच नाही."

"तुला तर मिळालं," बाई म्हणाल्या. 'मॅडम' आणि 'तुम्ही' मागे पडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मी फाटकावरचा फलक वाचला, ताई. कॉलेज संपेपर्यंत ओळखपत्र परत द्यायचं राहिलं होतं, म्हणून त्या दिवशी आले होते. योगायोग. माझ्यासारखे आणखी दहा जण कसेबसे लागले. बाकीच्या एकशे नव्याण्णव जणांना कुणी बोलावलंच नाही. त्यांना वाटलं, आपल्याला दोन महिन्यांपुरतंच बोलावलं होतं."

बाई आता खुर्चीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक चेहरा यायला लागला. कंडक्टर मोजणारा पोरगा परवाच बाजारात भेटला होता, कुणाच्या तरी दुकानात माल उतरवत होता. बाईंनी विचारलं होतं, का रे, अर्ज नाही केलास? तो हसून म्हणाला होता, आपल्याला कुठे बोलावतात. बाईंना तेव्हा वाटलं होतं, पोराने हिंमत सोडली. त्यांनी घरी येऊन यजमानांपाशी त्याला नावंही ठेवली होती. ते आठवून त्यांना आता शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो शब्द मला किती आवडला होता गं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी तुम्हाला विशेष म्हटलं, याचंच मला अप्रूप."

"मलाही आवडला होता, आठवडाभर. मग तुम्ही त्या पाटीच्या गाडीचं सांगितलंत." शंकाने हिरव्या शाईच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "मी तेव्हाच हात वर करायला हवा होता. सगळ्या शंका विचारल्या, तेवढी एक विचारायची हिंमत झाली नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाईंनी तिचा हात धरला. तिची चूक नव्हती, आणि तेवढंच त्यांना तिला सांगायचं होतं. शंकाने मग बाईंनी आणलेल्या फाईलमधलं तिसरं पान काढून दाखवलं, जे बाईंनी उघडलंच नव्हतं. विशेष यादी बंद. यापुढे एकच यादी, एकच खोली, एकाच रंगाचं ओळखपत्र, आणि निम्म्या जागा अशा मुलांसाठी, ज्यांच्या घरातून या कचेरीत कधी कुणी आलेलं नाही. जुनी दोनशे दहा नावंही भरतीच्या फाईलला जोडायची. मात्र त्यांचे पत्ते जुने झालेत, कितीतरी जणांच्या नावापुढे नुसतं 'डेपोच्या मागे' लिहिलंय. कोण कुठे आहे हे एकट्या ताईंनाच ठाऊक.

बाईंनी पेन मागितलं. अभिप्रायाच्या कोऱ्या जागेवर बराच वेळ पाहत राहिल्या. किती मिनिटं, ते त्यांनी मोजलं नाही. गाडी रखडली की वेळापत्रक विभाग एक तक्ता भरतो: किती रखडली आणि कुणामुळे. छत्तीस वर्षं बाईंनी त्या तक्त्यात ड्रायव्हरांची नावं लिहिली, मिस्त्रींची लिहिली, एकदा तर खुद्द मोठ्या साहेबांचं लिहिलं. आता त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'विशेष यादी बंद करण्यास हरकत नाही. अठरा वर्षे उशीर. कारण: वेळापत्रक विभाग.'

खाली सही केली, तारीख टाकली, आणि पत्ते सांगायला जुन्या यादीतलं पहिलं नाव वाचलं.