जावेच्या न्हाणीतला गॅस

सासूबाई माझ्याकडे राहायच्या, कारण मी थोरली सून. गिरीज गावातल्या वाडीत आमची दोन घरं, मधे अंगण, दोन्हींना मिळून एक विहीर. पहाटे उठून बंब पेटवायचा, त्यात नारळाची सोडणं कोंबायची, धूर खायचा आणि म्हातारीला कढत पाणी द्यायचं, हे लग्न झाल्यापासून माझं काम. कोणी कौतुक केलं नाही, मीही मागितलं नाही. पण काम माझं होतं.

मग धाकट्या दिराने मशीन आणलं. तो कारखान्यात फिटर होता, तिथल्या ओळखीतल्या कोणाकडून तरी बनवून घेतलं होतं. पेटीत स्टीलचे पत्रे, त्यात पाणी, पाण्याला वीज. पाण्याचा गॅस होतो आणि तो जळून टाकीतलं पाणी तापतं, असं त्याने समजावलं. मी विचारलं, वीज लागतेच तर विजेवरच का नाही तापवत? तो म्हणाला, वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. ज्योत धड दिसतही नव्हती, नुसता फुसफुस आवाज. तरी सगळी वाडी बघायला आली. जाऊ नवी साडी नेसून चहा देत होती, घरात बारसं असल्यासारखी. मी चहा न घेताच परत आले.

दिवाळीचं पहिलं पाणी म्हातारीला थोरलीने घालायचं, ही आमच्या घरची रीत. त्या वर्षी मी उटणं कालवून बसले आणि सासूबाई टॉवेल घेऊन अंगण ओलांडून गेल्या. पाडव्याला त्यांची ट्रंकही गेली. बायका विचारायच्या, म्हातारी रुसली का? मी म्हणायचे, गॅसवर गेली.

मशीनला बॅटरीचं पाणी लागायचं, दुकानातून आणलेलं. चैत्रात ते संपलं तेव्हा जावेने विहिरीचं ओतलं. मी सांगितलं, टँकरवाले आजूबाजूच्या विहिरी उपसतात, आपलं पाणी मचूळ झालंय, मीठ आहे त्यात.

ती म्हणाली, "देवाला चालतं ते डब्याला चालत नाही होय? जळू नका, जाऊबाई."

जळत होतेच. म्हणून माझं खरंही कोणी ऐकेना.

दुसऱ्या सकाळी तिच्या न्हाणीत वास सुटला, नळाच्या पाण्यात पावडर टाकतात तसा, पण नाक जाळणारा. म्हातारीचा खोकला माझ्या घरात ऐकू आला. मी धावले, बटण बंद केलं, तिला लुगड्यात गुंडाळून ओट्यावर आणून बसवलं. जाऊ रडायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिराने संध्याकाळी मशीन काढून माडाखाली टाकलं. मी सासूबाईंची ट्रंक उचलायला गेले.

"ठेव ती," त्या म्हणाल्या. "मी हितंच बरी."

"आता कसला गॅस? संपलं ते."

"गॅसचं काय घेऊन बसलीस? तुझं पानी कधी कमी गरम होतं का? ही पाठ चोळताना बोलते माझ्याशी. तू घागर घासल्यावानी घासतेस."

जाऊ खाली बघत होती. ती हसली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती स्टोव्हवर पाणी तापवायला लागली. न्हाणीतून दोघींचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मी बंबाजवळ बसून कान द्यायचे. रोज इतकं बोलायला यांच्याकडे होतं तरी काय?